दि. ब. देवधर

प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२, पुणे – २४ ऑगस्ट १९९३, पुणे) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार, क्रिकेट प्रशासक आणि पुण्यातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९–४० आणि १९४०–४१ अशा लागोपाठ दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. त्यानंतर महाराष्ट्राचा संघ तीन वेळा या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु २०२४–२५ च्या हंगामापर्यंत त्याला पुन्हा विजेतेपद मिळालेले नाही. पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, अहिल्यानगर या भागांतील क्रिकेटरसिकांच्या दृष्टीने देवधरांचे नाव त्यामुळे दोन अर्थांनी महत्त्वाचे आहे. ते आपल्या संघाच्या एकमेव वैभवकाळाचे प्रतीक आहे, आणि तो काळ परत न आल्याची खंतही त्या नावाशी जोडलेली आहे. देवधर १०१ वर्षे जगले. भारतीय क्रिकेटचे पितामह म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

क्रिकेट आणि अध्यापन

देवधरांचा जन्म पुण्यात झाला आणि त्यांचे जवळजवळ सर्व आयुष्य याच शहरात गेले. त्यांच्या तरुणपणी भारतात धंदेवाईक क्रिकेट असे फारसे नव्हते. संस्थानिकांच्या पदरी नोकरी, रेल्वे किंवा एखाद्या कंपनीतील काम, नाहीतर स्वतःचा वेगळा व्यवसाय, एवढेच मार्ग खेळाडूंपुढे असत. देवधरांनी अध्यापन निवडले. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे आणि सुट्टीत, तसेच सकाळ-संध्याकाळ मैदानावर उतरायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या नावामागे प्राध्यापक ही उपाधी कायमची लागली. क्रिकेटच्या बातम्यांतही त्यांचा उल्लेख बहुधा प्रा. देवधर असाच होत असे.

१९११–१२ च्या हंगामात त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. उजव्या हाताने फलंदाजी करणारे देवधर त्या वेळी १९ वर्षांचे होते. त्यांचे प्रथम श्रेणी क्रिकेट १९४६ पर्यंत चालले. म्हणजे पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वी त्यांनी खेळायला आरंभ केला आणि दुसरे महायुद्ध संपल्यानंतरही ते मैदानावर होते. या काळात त्यांनी ८१ सामन्यांत ३९.३२ च्या सरासरीने ४,५२२ धावा काढल्या. त्यांत ९ शतके आहेत आणि २४६ ही सर्वोच्च धावसंख्या आहे. सुमारे ३५ वर्षांत ८१ सामने हा आकडा आजच्या वाचकाला फार लहान वाटेल. पण त्या काळी एका हंगामात एखाद्या खेळाडूच्या वाट्याला दोन-तीनच प्रथम श्रेणी सामने येत. रणजी करंडक सुरू होण्यापूर्वी तर मुंबईतील धर्मनिहाय स्पर्धा हेच प्रमुख व्यासपीठ होते.

हिंदू संघ आणि १९२० चा वाद

मुंबईतील या स्पर्धेत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे संघ असत. पुढे १९३७ पासून इतरांचा पाचवा संघ आला व चौरंगी स्पर्धा पंचरंगी झाली. देवधर हिंदू संघाकडून खेळत. या स्पर्धेला होणारी गर्दी आणि तिच्याभोवती असलेली ईर्ष्या पाहता, आपल्या संघाच्या पराभवाने व्याकूळ होणारा प्रेक्षक हा भारतीय क्रिकेटमध्ये कसोटी सामन्यांच्या कितीतरी आधीपासून होता, असे म्हणता येते.

१९२० मधील स्पर्धेच्या वेळी हिंदू संघाच्या नेतृत्वावरून जो वाद झाला, त्यात देवधरांचे नाव गुंतलेले आहे. डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू हे त्या काळातील सर्वश्रेष्ठ भारतीय गोलंदाज मानले जात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले होते. तरीही चर्मकार समाजात जन्म झाल्यामुळे त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच देण्यात आले नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळण्यात आले. नियुक्त कर्णधार एम. डी. पै उपलब्ध नव्हते, तेव्हा बाळूंचे अनुभवी बंधू विठ्ठल यांना डावलून निवड समितीने नेतृत्वासाठी देवधरांची निवड केली. देवधर उच्चवर्णीय आणि महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले होते, पण या स्पर्धेतील अनुभवात विठ्ठल यांच्या मागे होते. विठ्ठल आणि त्यांचे बंधू शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर पै उपलब्ध झाले, बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊही संघात परतले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

हा निर्णय देवधरांनी स्वतः घेतला नव्हता, तो निवड समितीचा होता. तरी त्याचे लाभार्थी ते होते. देवधरांच्या चरित्रात हा प्रसंग बहुधा गाळला जातो, तर बाळूंच्या चरित्रात तो ठळकपणे येतो. दोन्ही चरित्रे एकत्र वाचल्याशिवाय त्या काळच्या क्रिकेटचे चित्र पुरे होत नाही.

१९२६ चे शतक

१९२६–२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलबोन क्रिकेट क्लबचा, म्हणजेच एम.सी.सी.चा संघ भारतात आला. या दौऱ्यातील दोन खेळी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात निर्णायक ठरल्या. पहिली सी. के. नायडू यांची. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. दुसरी खेळी देवधरांची. त्याच महिन्यात मुंबईत झालेल्या अखिल भारतीय संघाच्या सामन्यात त्यांनी १४८ धावा केल्या आणि भारतीय संघाला पहिल्या डावात पाहुण्यांवर आघाडी मिळवून दिली.

नायडूंची खेळी आतषबाजीसारखी होती म्हणून तिची दंतकथा झाली. देवधरांची खेळी त्या मानाने विस्मरणात गेली. वस्तुतः भारतीय संघ म्हणून एकत्र आलेले अकरा खेळाडू इंग्लंडहून आलेल्या तगड्या संघापुढे टिकू शकतात, हे दाखवणारी खेळी ती होती. या दौऱ्यानंतर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर भारताने पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला. त्या संघात नायडू कर्णधार होते. देवधर संघात नव्हते. त्यांनी तेव्हा चाळिशी गाठली होती. कसोटी क्रिकेटचे दार उघडण्यास ज्यांच्या खेळीने हातभार लावला, त्यांना त्या दारातून आत जाता आले नाही. देवधर आयुष्यात एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. त्यानंतर आणखी चौदा वर्षे ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत राहिले, हे लक्षात घेतले तर वयाच्या निकषाचा फोलपणा कळतो.

रणजी करंडक आणि महाराष्ट्राचा संघ

१९३४–३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. महाराष्ट्र या नावाने जो संघ या स्पर्धेत खेळतो त्याची रचना नवख्या वाचकाला गोंधळात टाकणारी आहे. आजच्या महाराष्ट्र राज्यातून तीन संघ खेळतात. मुंबई व परिसराचा मुंबई संघ, नागपूरकडील जिल्ह्यांचा विदर्भ संघ, आणि पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा महाराष्ट्र संघ. नाशिक या तिसऱ्या संघाच्या कक्षेत येते. म्हणून नाशिकचा रसिक मुंबईपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर असूनही रणजी स्पर्धेत मुंबईचा प्रतिस्पर्धी असतो.

सुरुवातीच्या काळात स्पर्धा विभागवार बाद पद्धतीने खेळवली जाई. एक पराभव झाला की हंगाम संपला. पश्चिम विभागात महाराष्ट्राबरोबर मुंबई, बडोदा, गुजरात, नवानगर, पश्चिम भारत असे संघ असत. त्यांतील मुंबईने पहिले दोन्ही करंडक जिंकले आणि १९३६–३७ चा करंडक नवानगरने पटकावला. देशातील सर्वांत अवघड विभाग तोच होता. विभागातून बाहेर पडणे हेच जवळजवळ करंडक जिंकण्याइतके कठीण होते. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल ठरे. त्यामुळे पुण्याच्या पाटा खेळपट्टीवर जो संघ अधिक वेळ फलंदाजी करील तो पुढे जाई. धावांचे जे डोंगर या काळात रचले गेले त्यांचे कारण या नियमात आहे.

दोन विजेतेपदे

१९३९ मध्ये देवधर महाराष्ट्राचे कर्णधार झाले तेव्हा त्यांचे वय ४७ होते. त्यांच्या संघात सांगलीचे विजय हजारे होते. हजारे यांनी १९३९–४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक होय. त्याच डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी केली. त्या हंगामात महाराष्ट्राने पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला आणि पहिल्यांदा करंडक जिंकला.

पुढील हंगामाची खरी लढत अंतिम सामन्याआधीच झाली. पुण्यात मुंबईविरुद्धच्या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या. त्यांत कर्णधार देवधरांच्या २४६ होत्या. त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोठी खेळी त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना केली. मुंबईने हार मानली नाही. विजय मर्चंट यांच्यासारखे फलंदाज असलेल्या मुंबईने पाठलाग करत ६५० पर्यंत मजल मारली. दोन्ही डाव मिळून १,३२५ धावा झाल्यानंतर केवळ २५ धावांच्या फरकाने महाराष्ट्र पुढे गेला. ज्या खेळीत देवधर लवकर बाद झाले असते तर मुंबईच पुढे गेली असती, अशा खेळीला सामना जिंकून देणारी खेळी म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

१९४०–४१ च्या संघात रंगा सोहोनी हे अष्टपैलू खेळाडू आणि तरुण लेगस्पिनर सदू शिंदे हेही होते. हे दोघे पुढे भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले. मद्रास येथे झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने मद्रास संघाला सहा गडी राखून हरवले आणि करंडक राखला. मुंबईनंतर लागोपाठ दोनदा करंडक जिंकणारा महाराष्ट्र हा दुसरा संघ ठरला.

उतरंड

त्यानंतरच्या काही वर्षांत हा संघ विस्कटत गेला. हजारे बडोद्याकडे गेले. १९४२–४३ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला, आणि १९४६–४७ च्या अंतिम सामन्यात हजारे यांनी गुल मोहम्मद यांच्यासह होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची जगप्रसिद्ध भागीदारी रचली, तीही बडोद्याकडूनच. संस्थानिक खेळाडूला नोकरी देत, आणि संघटनेला ते शक्य नव्हते. या बाबतीत रसिकांनी खेळाडूंना दोष देणे अन्यायाचे होईल. पण आपणच घडवलेला खेळाडू दुसऱ्याच्या गणवेशात शतके ठोकताना पाहण्याचे दुःख महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला तेव्हापासून परिचित आहे.

१९४३–४४ मध्ये मुंबईत विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राच्या गोलंदाजीविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या आणि रुसी मोदी यांच्यासह सहाव्या गड्यासाठी ३७१ धावा जोडल्या. १९४०–४१ मधील २५ धावांचे उट्टे मुंबईने असे फेडले. देवधर मात्र खेळतच होते. १९४४–४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकावली, पहिल्या डावात १०५ आणि दुसऱ्यात १४१. पन्नाशी ओलांडलेल्या फलंदाजाने प्रथम श्रेणी सामन्यात अशी कामगिरी करावी, हे जागतिक क्रिकेटमध्येही विरळा आहे. १९४६ मध्ये त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली.

त्यांच्या निवृत्तीनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक विक्रम आले, करंडक आला नाही. १९४८–४९ चा हंगाम याचे उत्तम उदाहरण आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ या तत्कालीन विश्वविक्रमापासून ते केवळ ९ धावा दूर असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. त्याच हंगामाच्या उपांत्य सामन्यात मुंबई आणि महाराष्ट्र पुण्यात भिडले. चार डावांत मिळून २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील हा धावांचा विश्वविक्रम आहे. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात सहाशेचा टप्पा ओलांडला आणि तरी ३५४ धावांनी सामना गमावला.

१९५० च्या दशकात नाशिकमध्ये जन्मलेले बापू नाडकर्णी महाराष्ट्राकडून खेळू लागले. १९५१–५२ मध्ये पदार्पण केलेले नाडकर्णी संघाचा आधार झाले, पण पुढे तेही मुंबईकडे गेले. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकण्याचा विक्रम त्यांनी केला, तेव्हा ते मुंबईचे खेळाडू होते. नाशिकने भारतीय क्रिकेटला दिलेला सर्वांत मोठा खेळाडू ज्या काळात मुंबईच्या सलग विजेतेपदांचा भागीदार होता, त्या काळात नाशिककरांचा अधिकृत संघ त्याच मुंबईकडून हरत होता.

तीन अंतिम सामने

मुंबईने १९५८–५९ ते १९७२–७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. विभागातून एकच संघ बाद फेरीत जात असल्याने या काळात महाराष्ट्राला पुढे जाणे जवळजवळ अशक्य होते. १९७०–७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्याचे ठरले आणि लगेच महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली. समोर अर्थातच मुंबई होती. ती मुंबई मात्र नेहमीची नव्हती. अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिज दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने दुय्यम फळी उतरवली. महाराष्ट्राचे कर्णधार अनुभवी कसोटीपटू चंदू बोर्डे होते. १९४१ नंतरची सर्वांत मोठी संधी चालून आली होती. ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेला तो सामना मुंबईने ४८ धावांनी जिंकला. महाराष्ट्राच्या जुन्या रसिकांत या पराभवाची सल इतर कोणत्याही पराभवापेक्षा खोल असावी. बलाढ्य संघाकडून हरणे समजता येते. पाच कसोटीपटू नसलेल्या संघाकडून हरल्यावर नशिबाला बोल लावण्याचीही सोय राहत नाही.

दुसरी संधी १९९२–९३ मध्ये आली. या वेळी मुंबई वाटेत नव्हती. अंतिम सामना पंजाबविरुद्ध होता. पंजाबने तो १२० धावांनी जिंकला आणि आपला पहिला करंडक मिळवला. देवधर तेव्हा हयात होते. त्यांनी वयाची १०१ वर्षे पूर्ण केली होती. १९४१ च्या विजेत्या कर्णधाराच्या हयातीतच करंडक परत पुण्यात येण्याची ही अखेरची संधी होती. त्यानंतर काही महिन्यांतच, २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

तिसरा अंतिम सामना २०१३–१४ च्या हंगामातला. जानेवारी २०१४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत महाराष्ट्राने वानखेडे स्टेडियमवर मुंबईला आठ गडी राखून हरवले. केदार जाधव आणि विजय झोल यांनी अखेरच्या डावात केलेली फलंदाजी बरीच चर्चिली गेली. जाधव यांनी त्या हंगामात १,२२३ धावा काढल्या. उपांत्य फेरीत बंगालचा पराभव करून संघ हैदराबादला अंतिम सामन्यासाठी गेला आणि तेथे कर्नाटकाने सात गडी राखून विजय मिळवला. मुंबईचा अडसर तिच्याच मैदानावर दूर केल्यावरही करंडक हुकला, यामुळे केवळ मुंबईमुळे आपण मागे राहतो ही समजूतही निकालात निघाली.

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये महाराष्ट्राला थोडे यश मिळाले. २००९–१० मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक ही वीस षटकांची स्पर्धा संघाने जिंकली. विजय हजारे करंडकाच्या २०२२–२३ च्या अंतिम सामन्यात मात्र ऋतुराज गायकवाड यांच्या शतकानंतरही सौराष्ट्राकडून पराभव झाला. १९३९–४० च्या विजेत्या संघातील फलंदाजाच्या नावाची ही स्पर्धा असल्याने हा पराभव काहीसा विचित्र योगायोगाचा ठरतो. दरम्यान विदर्भाने २०१७–१८, २०१८–१९ आणि २०२४–२५ असे तीन वेळा रणजी करंडक जिंकले, तर मुंबईच्या नावावर ४२ विजेतेपदे आहेत. म्हणजे एकाच राज्यातील दोन संघ जिंकत असताना राज्याचे नाव धारण करणारा तिसरा संघ १९४१ पासून करंडकाची वाट पाहत आहे.

नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने खेळवले जातात. जानेवारी २०२५ मध्ये तेथे बडोद्याविरुद्ध झालेला सामना महाराष्ट्राने मोठ्या फरकाने जिंकला, पण त्या हंगामातही संघ बाद फेरीत पोहोचू शकला नाही. साखळीत भरघोस विजय आणि निर्णायक क्षणी घसरण, हा अनुभव आता नाशिकच्या प्रेक्षकालाही घरच्या मैदानावरून ओळखीचा झाला आहे.

प्रशासन, कुटुंब आणि सन्मान

देवधरांनी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणून काम केले. क्रिकेटवर त्यांनी लेखनही केले असून त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले आहे.

त्यांच्या घरात खेळाची परंपरा मुलींनी पुढे नेली. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही मुली बॅडमिंटनपटू होत्या. १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये देवधर भगिनींचे वर्चस्व होते. मध्यमवर्गीय मराठी घरांतील मुलींनी स्पर्धात्मक खेळात उतरणे त्या काळी सर्वसामान्य नव्हते, हे पाहता त्यांची कामगिरी वडिलांच्या विक्रमांइतकीच दखल घेण्याजोगी आहे.

भारत सरकारने देवधरांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. १९७३–७४ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू केली आणि तिला देवधर करंडक असे नाव दिले. आरंभी ही स्पर्धा ६० षटकांची होती, पुढे ती ५० षटकांची झाली. एका सामन्यात तासन्‌तास खेळपट्टीवर ठाण मांडण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या फलंदाजाच्या नावाने झटपट क्रिकेटची स्पर्धा भरावी, यातील विसंगती अनेकांनी मनाशी नोंदवली असेल. या स्पर्धेचा पहिला करंडक दक्षिण विभागाने जिंकला.

१४ जानेवारी १९९२ रोजी देवधरांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. शतायुषी झालेले ते पहिले भारतीय प्रथम श्रेणी क्रिकेटपटू होत.